मूव्ह ए,बी म्हणजे ७८ का? रजिस्टरांची नावं आणि त्यांचे नंबर

शहाद्याच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या किटवर ‘मूव्ह ए,बी’ (बी मधलं ए मध्ये उतरव) साठी ७८ आणि ‘मूव्ह बी,ए’ साठी ४७ हेच आकडे का दाबायचे? इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये रजिस्टरांचा, म्हणजे आतल्या छोट्या साठवणींचा, क्रम एएक्स, सीएक्स, डीएक्स, बीएक्स असा मागेपुढे का? आणि तोंडी परीक्षेसाठी ऑपकोडचा, म्हणजे सूचनांच्या आकड्यांचा, अख्खा तक्ता पाठ करावा का?

मी जळगावात शेतीपंपांचे ऑटो-स्टार्टर आणि ठिबकचे टायमर बनवतो. रात्री थ्री-फेज आली की पंप आपोआप सुरू करायचा, विहिरीतलं पाणी संपलं की बंद करायचा, एवढंच त्या बोर्डाचं काम. पण त्यातला बराचसा कोड आजही असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका सूचनेच्या नावाने लिहिलेला, असतो. त्यामुळे तुझे प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: पाठ करू नकोस. पहिल्या दोनांची उत्तरं नीट कळली की तक्ता तुला कागदावर स्वतः मांडता येईल.

‘ए’, ‘बी’, ‘एचएल’ ही नावं आपल्यासाठी आणि असेंब्लरसाठी आहेत. प्रोसेसरच्या आत अक्षर पोचतच नाही. सूचनेच्या बाइटमधले दोन-तीन बिट रजिस्टर निवडण्यासाठी राखून ठेवलेले असतात आणि त्या बिटांत जो नंबर असेल ते रजिस्टर उघडतं. असेंब्लरचं काम नावाच्या जागी नंबर बसवण्याचं. किटवर तू हाताने हेक्स (सोळाच्या पद्धतीतले आकडे, ९ नंतर ए ते एफ) दाबतोस, तेव्हा ते काम तू करतोस.

८०८५ मध्ये हे नंबर असे आहेत: बी ०, सी १, डी २, ई ३, एच ४, एल ५, एम ६ आणि ए ७. आठ नंबर, म्हणून तीन बिट. मूव्हच्या बाइटमध्ये पहिले दोन बिट ०१, मग तीन बिट ‘कुठे’ आणि शेवटचे तीन बिट ‘कुठून’. आता ‘मूव्ह ए,बी’ मांड:

०१ १११ ०००

हे चार-चारच्या गटात तोड: ०१११ १०००. म्हणजे ७८. आणि ‘मूव्ह बी,ए’:

०१ ००० १११

चार-चारात ०१०० ०१११, म्हणजे ४७. आकडे विचित्र वाटतात कारण हेक्समध्ये बिट चार-चारने तुटतात आणि रजिस्टरचा नंबर तीन बिटांचा आहे. सुरी चुकीच्या जागी पडते. हाच बाइट ऑक्टलमध्ये, म्हणजे दोन-तीन-तीन असा तोडून लिही. ‘मूव्ह ए,बी’ होतो १७०. एक म्हणजे मूव्ह, सात म्हणजे ए, शून्य म्हणजे बी. ‘मूव्ह बी,ए’ होतो १०७. आता पाठ करण्यासारखं काय उरलं?

हे वर्गात का दाखवत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं यातून सुटतं. एमव्हीआय (रजिस्टरमध्ये थेट आकडा भरणे) म्हणजे ऑक्टलमध्ये ०, रजिस्टर, ६. ‘एमव्हीआय ए’ झाला ०७६, हेक्समध्ये ३ई. ‘एमव्हीआय बी’ झाला ००६, हेक्समध्येही ०६. आयएनआर (एकने वाढवणे) म्हणजे ०, रजिस्टर, ४ आणि डीसीआर (एकने कमी करणे) म्हणजे ०, रजिस्टर, ५. म्हणून ‘आयएनआर ए’ ३सी आणि ‘डीसीआर ए’ ३डी. गणिताच्या आणि लॉजिकच्या सूचना २ ने सुरू होतात आणि त्यांत मधला आकडा क्रियेचा असतो: ॲड ०, एडीसी १, सब २, एसबीबी ३, एएनए ४, एक्सआरए ५, ओआरए ६, सीएमपी ७. ‘ॲड बी’ म्हणजे २००, हेक्समध्ये ८०. ‘एक्सआरए ए’ म्हणजे २५७, हेक्समध्ये एएफ. तक्त्यातला अर्ध्याहून जास्त भाग एवढ्या दोन परिच्छेदांत आला.

यातला सहा नंबर नीट बघ. एम हे रजिस्टर नाही. एचएल मध्ये जो पत्ता आहे त्या मेमरीतल्या जागेचं ते नाव. रजिस्टर सातच होती, तीन बिटांत आठ नंबर बसत होते, तो उरलेला नंबर मेमरीला दिला. म्हणून ‘मूव्ह ए,एम’ दिसायला ‘मूव्ह ए,बी’ सारखाच, पण त्याला ७ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात आणि ‘मूव्ह ए,बी’ ४ मध्ये होतो. मेमरीपर्यंत जाऊन यायला वेळ लागतोच.

मग ‘मूव्ह एम,एम’? ऑक्टलमध्ये १६६, हेक्समध्ये ७६. तक्त्यात ७६ पुढे एचएलटी लिहिलेलं आहे. मेमरीतली जागा त्याच जागेत हलवून काहीच साधत नाही, म्हणून ती खूण प्रोसेसर थांबवण्यासाठी वापरली. मूव्हच्या चौसष्ट खणांपैकी त्रेसष्ट मूव्हचे आणि एक एचएलटीचा. परीक्षकांनी ‘एचएलटीचा ऑपकोड ७६ च का’ असं विचारलं, तर हे उत्तर दे.

जोड्यांना दोनच बिट मिळाले आहेत: बीसी ०, डीई १, एचएल २, एसपी (स्टॅकचा, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचा, पत्ता) ३. म्हणून एलएक्सआय (जोडीत आकडा भरणे) ची रांग ०१, ११, २१, ३१ अशी सरळ येते. पुशची (जोडी स्टॅकवर ठेवण्याची) रांग सी५, डी५, ई५, एफ५. इथे तीन नंबरला एसपी नसून पीएसडब्ल्यू आहे, म्हणजे ए आणि फ्लॅग मिळून. नंबर तोच, सूचना बदलली की त्याचा अर्थ बदलला. हे पुढे पुन्हा भेटेल. आणि ‘एलडीएएक्स एच’ (जोडीतल्या पत्त्यावरचं ए मध्ये आणणं) का नाही असा प्रश्न हुशार मुलांना पडतो. एलडीएएक्स बी ०ए आणि एलडीएएक्स डी १ए. पुढचे खण २ए आणि ३ए एलएचएलडी आणि एलडीए यांना दिले आहेत. एचएल मधल्या पत्त्यावरचं ‘ए’ मध्ये आणायला ‘मूव्ह ए,एम’ होताच, मग त्यासाठी आणखी एक खण कशाला घालवायचा?

नाव असेंब्लरचं आणि नंबर प्रोसेसरचा, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा झेड-८० मध्ये मिळतो. झायलॉगने १९७६ मध्ये हा प्रोसेसर काढला. त्याला ८०८० च्या (८०८५ च्या आधीच्या इंटेल प्रोसेसरच्या) सूचना चालत होत्या, पण लिहिण्याची पद्धत वेगळी ठेवली. इंटेलचा ‘मूव्ह ए,बी’ झायलॉगकडे ‘एलडी ए,बी’ होतो आणि ‘एम’ च्या जागी कंसात एचएल लिहितात. बाइट दोन्हीकडे ७८. पुस्तक बदललं तरी सिलिकॉनला फरक पडत नाही.

आता ८०५१ हा कंट्रोलर, कारण डिप्लोमानंतर नोकरीत तुला हाच भेटण्याची शक्यता जास्त. इथे आर० ते आर७ अशी आठ रजिस्टरं आहेत आणि त्यांचा नंबर सूचनेच्या शेवटच्या तीन बिटांत बसतो. ‘मूव्ह ए,आर०’ ई८ आणि ‘मूव्ह ए,आर७’ ईएफ. ही आठ रजिस्टरं म्हणजे आतल्या रॅमचेच बाइट आहेत आणि त्यांचे चार संच, म्हणजे बँक आहेत. बँक शून्यचं आर० रॅमच्या ००एच ला (शेवटचा एच म्हणजे हेक्स), बँक एकचं ०८एच ला, दोनचं १०एच ला, तीनचं १८एच ला. कोणती बँक चालू आहे ते पीएसडब्ल्यू (इथे हे स्थिती दाखवणारं रजिस्टर) मधले आरएस० आणि आरएस१ हे दोन बिट ठरवतात. म्हणजे सूचनेत तीन बिट आणि बाहेर दोन बिट, असा मिळून पाच बिटांचा पत्ता.

यातून होणारा घोळ मी टेबलावर पाहिला आहे. यावलकडच्या केळीच्या एका बागेतून ठिबकचा टायमर दुरुस्तीला आला, दुसऱ्या कुणीतरी बनवलेला. सहा व्हॉल्व्ह क्रमाने उघडायला हवेत, पण कधीतरी मधलाच एखादा उघडायचा राहायचा. शेतकरी दादा म्हणत होते की वायरिंग दोनदा बदललं. प्रोग्राममध्ये टायमर इंटरप्टसाठी (चालू काम मध्येच थांबवून होणाऱ्या कामासाठी) बँक एक वापरली होती आणि आर६, आर७ मोजणीला लावले होते. ते रॅममध्ये येतात ०ईएच आणि ०एफएच ला. एसपी मात्र कुठेच बसवलेला नव्हता. रीसेटनंतर ८०५१ चा एसपी ०७एच असतो, म्हणजे स्टॅक ०८एच पासून भरत जातो, नेमका बँक एकवरून. मुख्य प्रोग्राम दोन सबरूटीन खोल असताना इंटरप्ट आला की परतीच्या पत्त्यांचे चार बाइट, इंटरप्टच्या परतीचे दोन, आणि इंटरप्टमध्ये पुश केलेले एसीसी (म्हणजे ए रजिस्टर) आणि पीएसडब्ल्यू, असे आठ बाइट ०८एच ते ०एफएच भरून टाकत. शेवटचे दोन पडत थेट आर६ आणि आर७ वर. मोजणी बिघडायची आणि पीएसडब्ल्यू परत येताना भलताच यायचा. खोली कमी असताना इंटरप्ट आला तर सगळं ठीक, म्हणून दोष कधी दिसे, कधी दिसत नसे. सुरुवातीला ‘मूव्ह एसपी,#२एफएच’ ही एक ओळ घातली आणि टायमर सुधारला. आर७ हे नाव वाचताना त्यामागचा पत्ता डोळ्यांसमोर नसेल, तर हा दोष कितीही वेळ कोड वाचून सापडत नाही.

८०५१ मध्ये आणखी एक गोष्ट हमखास अडवते. ॲक्युम्युलेटरला दोन नावं आहेत, ए आणि एसीसी. रजिस्टर एकच, पण सूचनेत ते सांगायच्या तऱ्हा दोन. ‘ए’ लिहिलंस तर तो ऑपकोडमध्येच गृहीत असतो. ‘एसीसी’ लिहिलंस तर असेंब्लर ई०एच हा त्याचा पत्ता सूचनेत घालतो. ‘मूव्ह ए,#५५एच’ होतो ७४ ५५, दोन बाइट. ‘मूव्ह एसीसी,#५५एच’ होतो ७५ ई० ५५, तीन बाइट. काम तेच. एटी८९सी२०५१ सारख्या चिपमध्ये फ्लॅश २ केबी असते. तिथे असा एकेक बाइट वाचवावा लागतो. उलट बाजूने, पुशला पत्ताच लागतो, म्हणून ‘पुश एसीसी’ लिहावं लागतं, जो सी० ई० होतो. ‘पुश ए’ अशी सूचना ८०५१ मध्ये नाहीच. ‘पुश आर०’ सुद्धा नाही. बँक शून्य चालू असेल तर ‘पुश ००एच’ लिहायचं.

आर्डुइनो उनो तुमच्या कॉलेजात नक्की असेल. त्यावरच्या एटीमेगा३२८ मध्ये आर० ते आर३१ अशी बत्तीस रजिस्टरं आहेत. मुलं असेंब्ली लिहायला बसतात, पहिल्याच ओळीत ‘एलडीआय आर१५’ लिहितात आणि असेंब्लर सांगतो की रजिस्टर १६ ते ३१ मधलंच हवं. मग हमखास हाक येते, ‘हाई काय शे भो?’ उत्तर बिटांच्या हिशोबात आहे. सूचना सोळा बिटांची. त्यातले चार एलडीआय ओळखायला गेले, आठ त्या आकड्याला गेले जो रजिस्टरमध्ये भरायचा आहे. उरले चार. चार बिटांत सोळाच रजिस्टरं मावतात, म्हणून वरची सोळा निवडली आणि पाचवा बिट कायम १ धरला. ‘एलडीआय आर१६’ मध्ये ५५एच भरलंस तर ई५०५ मिळतं: ई ही खूण, मग आकड्याचा वरचा ५, मग रजिस्टरचा ० आणि शेवटी आकड्याचा खालचा ५. तो शून्य म्हणजे आर१६. आकडा सोबत नसेल, तर दोन्ही रजिस्टरांना पाच-पाच बिट मिळतात आणि ‘मूव्ह आर१५,आर१६’ निमूट चालतो. कुठल्याही प्रोसेसरच्या पुस्तकात ‘या सूचनेत फक्त अमुक रजिस्टरं चालतील’ असं दिसलं, की बिट मोज. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. ८०८६ हा १९७८ चा. त्यात सोळा बिटांची आठ रजिस्टरं: एएक्स ०, सीएक्स १, डीएक्स २, बीएक्स ३, एसपी ४, बीपी ५, एसआय ६, डीआय ७. ए नंतर बी यायला हवा असं आपल्याला वाटतं, पण ही नावं वर्णमालेसाठी ठेवलेली नाहीत. सीएक्स मोजणीसाठी: लूपची सूचना तोच कमी करत जाते. डीएक्स मध्ये पोर्टचा पत्ता जातो आणि गुणाकाराचा वरचा अर्धा भाग येतो. बीएक्स मेमरीच्या पत्त्याचा पाया. इंटेलने ८०८० चे प्रोग्राम ८०८६ कडे वळवण्याची सोय केली होती, तिच्यात जुना ए गेला एएल मध्ये, बीसी गेला सीएक्स मध्ये, डीई गेला डीएक्स मध्ये आणि एचएल गेला बीएक्स मध्ये. आता नंबरांचा क्रम पुन्हा बघ: ए, बीसी, डीई, एचएल. तुझ्या किटवरच्या जोड्या त्याच क्रमाने इथे उभ्या आहेत. एचएल मेमरीकडे बोट दाखवायचा, बीएक्सही तेच करतो.

आठ बिटांच्या सूचनांत हेच नंबर एएल, सीएल, डीएल, बीएल, एएच, सीएच, डीएच, बीएच असे वाचले जातात. म्हणजे चार नंबर एका सूचनेत एसपी, तर दुसरीत एएच. आणि इथे नावांचा एक खरा सापळा आहे. हेक्समध्ये दहा लिहायचे म्हणून ‘मूव्ह एएल,एएच’ लिहिलंस, तर असेंब्लर चूक दाखवणार नाही. तो ‘एएच’ ला रजिस्टर समजून त्याची नक्कल एएल मध्ये करेल. दहा हवे असतील तर पुढे शून्य लावून ‘०एएच’ लिहावं लागतं. तेव्हा बी० ०ए असे दोन बाइट बनतात. बी, सी आणि डी चंही तसंच. हेक्स आकडा अक्षराने सुरू होत असेल, तर आधी शून्य हा नियम यासाठी आहे.

१९८५ मध्ये ३८६ आला तेव्हा रजिस्टरं बत्तीस बिटांची झाली आणि नावापुढे ई लागला: ईएएक्स, ईसीएक्स. नंबर तेच राहिले. पुढे एएमडीने चौसष्ट बिटांची रचना आणली, तिचा पहिला प्रोसेसर २००३ मध्ये बाजारात आला. ई जाऊन आर आला आणि आर८ ते आर१५ अशी आठ नवी रजिस्टरं मिळाली. पण खण तर तीनच बिटांचा. मग चौथा बिट आणला कुठून? ४० ते ४एफ हे सोळा बाइट पूर्वी रजिस्टर एकने वाढवण्या-कमी करण्याच्या सूचनांचे होते. चौसष्ट बिटांत ते काढून घेतले आणि सूचनेच्या आधी लावायचा रेक्स नावाचा बाइट बनवला. त्यातला एक बिट सांगतो की काम चौसष्ट बिटांचं आहे, बाकीचे तीन रजिस्टरच्या नंबरांना चौथा बिट पुरवतात.

लिनक्सवर छोटा सी प्रोग्राम ऑप्टिमायझेशन न लावता बनव आणि ‘ऑब्जडम्प’ ने उघड. फंक्शनच्या सुरुवातीला बहुतेक वेळा हे दिसेल:

५५ ४८ ८९ ई५

५५ म्हणजे पुश. पुशची रांग ५० पासून सुरू होते, त्यात ५ मिळवले. पाच नंबर म्हणजे आरबीपी. ४८ हा रेक्स, चौसष्ट बिटांसाठी. ८९ म्हणजे मूव्ह. आणि ई५? ऑक्टलमध्ये लिही: ३४५. तीन म्हणजे दोन्ही बाजूंना रजिस्टरच आहे, मेमरी नाही. चार म्हणजे आरएसपी, पाच म्हणजे आरबीपी. आरएसपी मधलं आरबीपी मध्ये गेलं. शहाद्याच्या किटवरची दोन-तीन-तीनची रचना आजच्या लॅपटॉपमध्ये तशीच आहे, आणि मला हे पाहून अजूनही आनंद होतो. फक्त दिशा इथे ऑपकोड ठरवतो: ८९ मध्ये मधला आकडा ‘कुठून’, ८बी मध्ये मधला आकडा ‘कुठे’. म्हणून बत्तीस बिटांत हीच सूचना ८९ ई५ अशीही लिहिता येते आणि ८बी ईसी अशीही. ईसी म्हणजे ३५४. दोन्ही बरोबर, कोणती घ्यायची हे असेंब्लर किंवा कंपायलर ठरवतो.

त्याच ऑब्जडम्पमध्ये नावाआधी टक्क्याची खूण दिसेल आणि ‘कुठून’ आधी, ‘कुठे’ नंतर असेल. ती एटी अँड टीची लिहिण्याची पद्धत. टक्क्यामुळे तुझ्या एखाद्या लेबलचं नाव रजिस्टरशी भांडत नाही. इंटेलची पद्धत हवी असेल तर तसा पर्याय देता येतो. बाइट दोन्हीकडे सारखेच राहतात.

एआरएम आणि रिस्क-फाइव्ह बद्दल थोडक्यात. एआरएमच्या बत्तीस बिटी सूचनांत चार बिट, आर० ते आर१५. आर१३ एसपी, आर१४ परतीचा पत्ता, आर१५ पीसी (प्रोग्राम काउंटर). चौसष्ट बिटी एआरएममध्ये पाच बिट, पण रजिस्टरं एक्स० ते एक्स३० अशी एकतीसच. ३१ हा नंबर काही सूचनांत एसपी होतो, काहींत कायमचा शून्य. पुशमधलं पीएसडब्ल्यू आठव. रिस्क-फाइव्ह मध्ये एक्स० ते एक्स३१, आणि एक्स० नेहमी शून्य. वर कामाची नावंही आहेत: एक्स१ ला आरए, एक्स२ ला एसपी, एक्स१० ला ए०. ही कामाची नावं प्रोग्रामरांनी आपसात पाळायच्या कराराची आहेत; हार्डवेअरला एक्स१० आणि एक्स११ सारखेच. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-फाइव्ह आहेत, म्हणून हा करार आत्ताच बघून ठेव.

परीक्षेपुरतं सांगायचं तर ८०८५ चे आठ नंबर, जोड्यांचे चार नंबर आणि गणिताच्या आठ क्रियांचा क्रम एवढं लक्षात ठेव. परीक्षकांनी ऑपकोड विचारला तर कागद मागून घे आणि दोन-तीन-तीन मांडून दाखव. बहुतेक परीक्षक तिथेच थांबून पुढे विचारतात. जंप, कॉल आणि आयओच्या सूचनांत हे रजिस्टरांचे नंबर नसतात, त्या तक्त्यातून बघ. आज रात्री हे चार बाइट सोडवून बघ: ४६, ५ई, ९०, बीई. पहिला ऑक्टलमध्ये १०६ येतो, म्हणजे ‘मूव्ह बी,एम’. बाकीचे तीन तू काढ.